घरच्या ध्वनिमुद्रणातील ताल : ड्रमच्या सॉफ्टवेअरची निवड

घरी बसून गाण्याचे ध्वनिमुद्रण करणे ही गोष्ट आता दुर्मिळ राहिलेली नाही. एक साधा संगणक, एक मायक्रोफोन आणि मायक्रोफोनचा ध्वनी संगणकात पोचविणारे ऑडिओ इंटरफेस नावाचे लहानसे उपकरण एवढी सामग्री असली, की गळा, गिटार, हार्मोनियम किंवा बासरी ह्यांचे मुद्रण एखाद्या निवांत खोलीत समाधानकारक करता येते. परंतु गाण्याला ठेक्याची जोड द्यावयाची वेळ आली म्हणजे मोठीच अडचण उभी राहते.

पाश्चात्त्य ड्रमसंच हे एक वाद्य नसून वाद्यांचे एक कुटुंबच होय. पायाने वाजविला जाणारा मोठा किक ड्रम, तळाच्या चामड्यावर तारा ताणलेला स्नेअर आणि दोनतीन टॉम ही अवनद्ध वाद्ये. तर हाय-हॅट, राइड आणि क्रॅश ही झांजेच्या जातीची घनवाद्ये. बंद खोलीत हा संच जोराने वाजविला, तर ध्वनीची पातळी १०० डेसिबलच्या वर सहज जाते. त्याच्या चांगल्या मुद्रणासाठी आठ-दहा मायक्रोफोन, ध्वनिशोषक भिंतींची खोली आणि तयार वादक लागतो. शेजाऱ्यांची झोपमोड होते ती वेगळीच. ह्या अडचणीतून मार्ग काढण्यासाठी संगणकावर ड्रमचे वादन घडवून आणणारी सॉफ्टवेअरे निर्माण झाली. त्यांची संख्या आज इतकी वाढली आहे, की नवशिक्याला त्यांतून कोणते घ्यावे हेच कळत नाही. महागडे सॉफ्टवेअर घेऊन ते संगणकाला न पेलणे, किंवा फुकट मिळाले म्हणून घेतलेल्या सॉफ्टवेअरमध्ये हवा तो ताल न बसणे, हे अनुभव नेहमीचे आहेत. पैसा तर जातोच. पण त्याहून वाईट म्हणजे हौसेने आरंभिलेले गाणे अर्धवट राहते. ही निवड डोळसपणे करावयाची, तर आघाताच्या ध्वनीचे शास्त्र आणि ह्या साधनांची रचना ह्यांची थोडी ओळख करून घेतली पाहिजे.

आघाताचा ध्वनी

ताणलेली तार छेडली असता तिच्यातून मूळ स्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनसंख्येचे उपस्वर निघतात. हे प्रमाण पूर्णांकांचे असल्यामुळे कानाला एक निश्चित स्वर ऐकू येतो. गोल पडद्याची गोष्ट निराळी आहे. आदर्श पडद्याच्या मूळ कंपनसंख्येस १०० मानले, तर पुढील कंपने सुमारे १५९, २१४ आणि २३० अशी येतात. ह्या आकड्यांत साधे प्रमाण नाही. म्हणून सामान्य ड्रममधून स्पष्ट स्वराऐवजी 'धप्' किंवा 'टप्' असा ध्वनी निघतो.

भारतीय वादकांनी ह्या दोषावर फार पूर्वीच उपाय शोधून काढला. तबला, पखवाज आणि मृदंगम् ह्यांच्या पुडीवर शाईचा लेप देऊन त्यांनी पडद्याचा मध्यभाग जड केला. त्यामुळे उपस्वर जवळजवळ पूर्णांकांच्या प्रमाणात येतात. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२० मध्ये आपल्या सहकाऱ्यासह आणि पुन्हा १९३४ मध्ये ह्या वाद्यांवर शोधनिबंध प्रसिद्ध करून त्यामागील शास्त्र उलगडून दाखविले.

निवडीच्या दृष्टीने ह्यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. पडद्यावर आघात कोठे आणि किती जोराने झाला ह्यावर कोणती कंपने अधिक उठतील हे अवलंबून असते. हळू वाजविलेला स्नेअर म्हणजे जोराने वाजविलेल्या स्नेअरचा केवळ लहान आवाज नव्हे. त्याचा पोतच वेगळा असतो. शिवाय तोच वादक तोच आघात पुन्हा करतो तेव्हाही दोन ध्वनी तंतोतंत सारखे निघत नाहीत. ड्रमच्या सॉफ्टवेअरची खरी परीक्षा ह्या दोन ठिकाणी होते.

यंत्रांचा पूर्वेतिहास

यंत्राकडून ताल वाजवून घेण्याची कल्पना संगणकापेक्षा जुनी आहे. रशियन संशोधक लिऑन थेरेमिन यांनी अमेरिकन संगीतकार हेन्री कॉवेल यांच्यासाठी १९३१ च्या सुमारास ऱ्हिदमिकॉन हे यंत्र तयार केले. १९५९ मध्ये वुर्लिट्झर ह्या अमेरिकन कंपनीचे साइडमन नावाचे यंत्र बाजारात आले. त्यात एक तबकडी फिरत असे व तिच्यावरील संपर्कबिंदूंमुळे निर्वात नलिकांच्या मंडलांतून ठरावीक क्रमाने ठोके उमटत.

१९८० हे वर्ष ह्या इतिहासात विशेष महत्त्वाचे ठरले. त्या वर्षी दोन भिन्न विचारांची यंत्रे पुढे आली. जपानच्या रोलँड कंपनीचे टीआर-८०८ हे विद्युन्मंडलांच्या साहाय्याने ड्रमसारखा ध्वनी कृत्रिम रीतीने निर्माण करीत असे. अमेरिकेतील रॉजर लिन यांच्या एलएम-१ यंत्रात मात्र खऱ्या ड्रमच्या ध्वनीचे अंकीय नमुने साठविलेले होते. त्या काळी स्मृतीची साधने इतकी महाग होती, की दीर्घकाळ घुमणाऱ्या क्रॅश व राइड सिंबलांना त्या यंत्रात जागाच मिळाली नाही. ध्वनी 'घडवावा' की 'साठवावा' हे तेव्हाचे दोन मार्ग आजच्या सॉफ्टवेअरमध्येही तसेच कायम आहेत.

ह्या यंत्रांचा भारताशीही संबंध आला. मुंबईचे वादक चरणजित सिंग यांनी टीआर-८०८ व त्याच कंपनीची अन्य वाद्ये घेऊन दहा रागांचे वादन मुद्रित केले. त्याची तबकडी १९८३ मध्ये प्रसिद्ध झाली. त्या वेळी तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. परंतु २०१० मध्ये ती पुन्हा प्रकाशित झाल्यावर जगभरच्या रसिकांनी तिचे कौतुक केले.

मिडी : तालाची लिपी

१९८३ मध्ये निरनिराळ्या कंपन्यांच्या वाद्यांना परस्परांशी संवाद साधता यावा म्हणून मिडी नावाची एक सर्वमान्य सांकेतिक भाषा अस्तित्वात आली. मिडीमध्ये ध्वनी नसतो. ध्वनी कसा काढावा ह्याची आज्ञा असते. कोणते वाद्य, किती जोराने, केव्हा वाजवावे एवढेच ती सांगते. वाद्याला ० ते १२७ पर्यंतचा क्रमांक असतो आणि आघाताचा जोर १ ते १२७ ह्या मापात मोजतात. १९९१ मध्ये ठरलेल्या सर्वसाधारण संकेतानुसार ड्रमसाठी दहावी वाहिनी राखून ठेवलेली आहे. तीत किकसाठी ३६, स्नेअरसाठी ३८, मिटलेल्या हाय-हॅटसाठी ४२ आणि उघड्या हाय-हॅटसाठी ४६ हे क्रमांक आहेत.

ध्वनी आणि आज्ञा ह्यांतील अंतर एका उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, एक गीत तीन मिनिटांचे असून त्याची लय मिनिटाला १२० ठोक्यांची आहे. एकूण ठोके ३६० झाले. चार ठोक्यांचा एक गट धरला, तर असे ९० गट होतात. प्रत्येक गटात हाय-हॅटचे ८, किकचे २ आणि स्नेअरचे २ असे १२ आघात असतील, तर संपूर्ण गीतात १,०८० आघात येतात. प्रत्येक आघाताच्या प्रारंभाची आज्ञा ३ बाइटांची व समाप्तीची ३ बाइटांची. म्हणजे कालाची नोंद वगळता सर्व वादन ६,४८० बाइटांत मावते. हेच वादन ध्वनिरूपाने साठवावयाचे, तर सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुन्यास २ बाइट आणि डावी-उजवी अशा दोन वाहिन्या ह्या हिशेबाने तीन मिनिटांना ३,१७,५२,००० बाइट लागतात. हे प्रमाण ४,९०० पटींचे आहे.

लाभ केवळ जागेचा नाही. आज्ञा बदलणे सोपे असते. लय वाढवावी, एक आघात काढून टाकावा, किंवा तेच वादन निराळ्या संचावर ऐकावे, हे सर्व पुन्हा वादन न करता साधते.

सॉफ्टवेअरचे तीन वर्ग

पहिला वर्ग तालचौकटीच्या यंत्रांचा. पडद्यावर आडव्या ओळीत घरे आखलेली असतात. ज्या घरात खूण करावी तेथे आघात होतो. अशा लहान चौकटी एकापुढे एक जोडून गीत तयार होते. हायड्रोजन हे विनामूल्य व मुक्त परवान्याचे सॉफ्टवेअर ह्या वर्गातील उत्तम उदाहरण आहे. ते लिनक्स, विंडोज आणि मॅक ह्या तिन्ही प्रणालींवर चालते. तालाची रचना डोळ्यांना दिसत असल्यामुळे शाळेतील विद्यार्थ्यांनी प्रारंभ येथून करणे श्रेयस्कर ठरेल.

दुसरा वर्ग नमुनासंचांचा. येथे खरा ड्रमसंच नामांकित स्टुडिओत वाजवून त्याचा प्रत्येक आघात अनेक पातळ्यांवर मुद्रित केलेला असतो. स्वीडनच्या टूनट्रॅक कंपनीची ईझीड्रमर व सुपीरियर ड्रमर, त्याच देशातील एक्सएलएन ऑडिओ कंपनीचे अॅडिक्टिव्ह ड्रम्स आणि बीएफडी ही ह्या वर्गातील प्रसिद्ध नावे होत. ड्रमगिझ्मो हे मुक्त परवान्याचे सॉफ्टवेअरही ह्याच जातीचे आहे. ध्वनीचा अस्सलपणा हा ह्या वर्गाचा गुण, तर संगणकावर पडणारा भार ही त्याची मर्यादा.

तिसरा वर्ग तयार वादनाचा. ह्यात काही मात्रांचे मुद्रित तुकडे मिळतात व ते पुन्हा पुन्हा जोडून ठेका बनवितात. त्यांना लूप म्हणतात. ॲपल कंपनीने २०१३ मध्ये लॉजिक प्रो व गॅरेजबँड ह्या सॉफ्टवेअरांत आणलेला स्वयंचलित 'ड्रमर' ह्याच्या पुढची पायरी होय. त्याला वादन साधे हवे की गुंतागुंतीचे, मृदू हवे की जोरकस एवढे सांगितले, की तो आपणहून ठेका वाजवितो. काम झटपट होते खरे; पण ठेक्याची कल्पना गीत रचणाऱ्याची राहत नाही.

स्मृती आणि विलंब

नमुनासंच इतके अवजड का असतात हे पुढील हिशेबावरून कळेल. स्नेअरचा एकच आघात जोराच्या १० पातळ्यांवर, प्रत्येक पातळीवर ५ वेळा आणि १० मायक्रोफोनांनी मुद्रित केला, तर ५०० मुद्रणे होतात. प्रत्येक मुद्रण तीन सेकंदांचे व नमुन्यामागे ३ बाइटांचे धरल्यास एकूण १९,८४,५०,००० बाइट, म्हणजे जवळजवळ २० कोटी बाइट लागतात. हा हिशेब एका ड्रमच्या एका प्रकारच्या आघाताचा झाला. २०१७ मध्ये आलेल्या सुपीरियर ड्रमरच्या तिसऱ्या आवृत्तीतील मूळ ध्वनिसंग्रह २३० गिगाबाइटांचा आहे, ह्याचे मग आश्चर्य वाटणार नाही.

ह्या पाच-पाच मुद्रणांचे प्रयोजन काय? एकच नमुना वेगाने पुन्हा पुन्हा वाजविला, तर तो मशीनगनच्या माऱ्यासारखा निर्जीव वाटतो. म्हणून चांगले सॉफ्टवेअर समान जोराच्या आघातांसाठीही आळीपाळीने वेगवेगळे नमुने वापरते. निवड करताना स्नेअरची जलद उठाण वाजवून ही गोष्ट अवश्य ऐकावी. त्याचप्रमाणे जोर हळूहळू वाढवीत नेऊन केवळ आवाज मोठा होतो की पोतही पालटतो, हे कानाने पारखावे.

दुसरी कसोटी विलंबाची. संगणक ध्वनीचे नमुने एकेक न पाठविता लहान गठ्ठ्यांनी पाठवितो. ह्या साठ्याला बफर म्हणतात. बफर १,०२४ नमुन्यांचा असेल, तर सेकंदाला ४४,१०० ह्या दराने सुमारे २३ सहस्रांश सेकंदांचा विलंब होतो. तेवढ्या वेळात हवेतून ध्वनी जवळजवळ ८ मीटर जातो. म्हणजे वादकाने आपला ड्रम आठ मीटरांवरून ऐकावा तसे हे झाले. बफर २५६ वर आणला, की विलंब सुमारे ५.८ सहस्रांश सेकंद, म्हणजे दोन मीटरांइतका उरतो. ही संगणकाच्या एकूण विलंबातील एक बाब झाली. तथापि पॅडवर बोटांनी प्रत्यक्ष वाजवावयाचे असल्यास बफर लहान ठेवणे आवश्यक असते, आणि अवजड नमुनासंच जुन्या संगणकावर लहान बफरमध्ये अडखळतात. केवळ खुणा करून ठेका मांडावयाचा असेल, तर विलंबाची चिंता करण्याचे कारण नाही.

परवाना, जोडणी आणि टिकाऊपणा

बहुतेक नमुनासंच स्वतंत्रपणे न चालता ध्वनिमुद्रणाच्या मुख्य सॉफ्टवेअरमध्ये प्लग-इन म्हणून बसतात. जर्मनीच्या स्टाइनबर्ग कंपनीने १९९६ मध्ये आणलेली व्हीएसटी ही पद्धती, ॲपलची ऑडिओ युनिट आणि लिनक्सवरील एलव्ही२ अशा त्यांच्या जोडणीच्या निरनिराळ्या पद्धती आहेत. मुख्य सॉफ्टवेअर कोणती पद्धती स्वीकारते हे आधी पाहावे; नाहीतर घेतलेली वस्तू बसतच नाही. किक, स्नेअर व सिंबले वेगवेगळ्या वाहिन्यांतून बाहेर काढता येतात की नाही, हेही तपासावे. गाण्याचा मेळ साधताना किक थोडा वाढवून सिंबले कमी करावयाची गरज हमखास पडते.

परवान्याचा मजकूर वाचण्याचा कंटाळा करू नये. 'विनामूल्य' आणि 'मुक्त' हे शब्द समानार्थी नव्हेत. विनामूल्य वस्तूचे वाटप करण्याची मनाई असू शकते; मुक्त परवान्यात ती प्रत दुसऱ्यास देण्याची व तिच्यात सुधारणा करण्याची मुभा असते. लूप वापरून केलेले गीत प्रसिद्ध करण्याची अनुमती आहे का, हे तर आधीच पाहिले पाहिजे. शिवाय काही सॉफ्टवेअरे चालू होण्यासाठी निर्मात्याच्या संगणकाची संमती मागतात. निर्माता नाहीसा झाला, की तीही बंद पडू शकतात. म्हणून प्रत्येक गीताची मिडी प्रत आणि ड्रमची ध्वनिरूप प्रत अशा दोन्ही स्वतंत्रपणे जपून ठेवाव्यात.

यंत्राचा काटेकोरपणा आणि हाताची लय

संगणकाने मांडलेला ठेका कित्येकदा बिनचूक असूनही रुक्ष वाटतो. मनुष्य वाजवितो तेव्हा प्रत्येक आघात किंचित पुढे किंवा मागे पडतो. हे ओळखून अनेक सॉफ्टवेअरांत आघातांची स्थाने थोडी विस्कटण्याची सोय केलेली असते. परंतु केवळ स्वैर विस्कळीतपणा म्हणजे मानवी लय नव्हे. जर्मनीतील ग्योटिंगेन येथील संशोधकांनी सहकाऱ्यांसह २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसून आले, की मानवी वादनातील सूक्ष्म विचलने परस्परांशी दूरवर निगडित असतात. आताचे विचलन पुष्कळ पुढच्या ठोक्यांपर्यंत आपला प्रभाव ठेवते. अशी निगडित विचलने श्रोत्यांना स्वैर विचलनांपेक्षा अधिक आवडली.

ह्यास्तव ठेका यंत्राकडून विस्कटून घेण्यापेक्षा तो स्वतः बोटांनी वाजवून नोंदवावा आणि जेथे फारच चुकला असेल तेथेच दुरुस्त करावा. खुणा करूनच मांडावयाचा असल्यास निदान दोन नियम पाळावेत. हाय-हॅटचे सर्व आघात एकाच जोराचे ठेवू नयेत. आणि ड्रमवादकाला दोनच हात व दोनच पाय असतात हे विसरू नये. हाय-हॅट, स्नेअर आणि क्रॅश हे तिन्ही एकाच क्षणी हातांनी वाजविलेले दाखविले, तर श्रोत्याला कारण सांगता आले नाही तरी काहीतरी खटकल्यावाचून राहत नाही.

भारतीय ताल आणि मिडीची मर्यादा

ही साधने पाश्चात्त्य ड्रमसंच डोळ्यांपुढे ठेवून घडलेली आहेत. १९९१ च्या संकेतातील ४७ तालध्वनींत बोंगो आणि कोंगा आहेत. तबला, मृदंगम्, ढोलकी किंवा पखवाज नाही. तबल्याचे नमुने स्वतंत्रपणे मिळतात. पण ते घेताना दोन प्रश्न विचारले पाहिजेत.

पहिला प्रश्न आवर्तनाचा. त्रितालाच्या १६ मात्रा चारचारांच्या गटांत सहज बसतात. झपतालाच्या १० व रूपकाच्या ७ मात्रा बसत नाहीत. म्हणून चौकटीची लांबी इच्छेप्रमाणे ठरविता येते की नाही हे पाहावे. दुसरा प्रश्न बायाचा. मनगटाच्या दाबाने 'गे' हा बोल खालून वर सरकतो. एका क्रमांकाला एक ठरीव ध्वनी ह्या योजनेत तो मावत नाही. मिडीत स्वर सरकविण्याची आज्ञा आहे, परंतु मूळ पद्धतीत ती संपूर्ण वाहिनीला लागू होते. डग्गा व तबला एकाच वाहिनीत असले, तर डग्ग्याबरोबर तबल्याचा स्वरही ढळतो. ह्यावर साधा उपाय असा, की दोन्हींना निरनिराळ्या वाहिन्या द्याव्यात. २०२० मध्ये स्वीकारलेल्या मिडीच्या दुसऱ्या आवृत्तीत प्रत्येक ध्वनीला स्वतंत्रपणे सरकविण्याची तरतूद आहे. तिचा लाभ मिळण्यासाठी वाद्य व सॉफ्टवेअर दोन्ही त्या आवृत्तीचे असावे लागतात.

निवडीचा क्रम

सारांश, निवडीची सुरुवात जाहिरातीपासून न करता गाण्यापासून करावी. गाण्याला खऱ्या ड्रमसंचाचा भास हवा आहे, की टीआर-८०८ सारखा उघडपणे कृत्रिम ध्वनीच शोभेल, हे प्रथम ठरवावे. त्यानंतर संगणकाची स्मृती व मोकळी जागा पाहावी. मग मुख्य सॉफ्टवेअरशी जोडणी, त्यानंतर परवाना आणि सर्वांत शेवटी किंमत. प्रारंभी हायड्रोजनसारखे विनामूल्य साधन घेऊन एक संपूर्ण गीत तडीस न्यावे. त्या गीतात जी उणीव कानाला जाणवेल तीच पुढील खरेदीचे कारण असावी. स्नेअर निर्जीव वाटला तर नमुनासंच घ्यावा. ठेकाच सुचत नसेल, तर कोणतेही सॉफ्टवेअर घेण्यापूर्वी एखाद्या वादकाजवळ बसून चार ताल हाताने शिकावेत.

कारण नमुनासंचातील प्रत्येक ध्वनीमागे कोणा तरी वादकाचा हात आहे. त्याने काठी उचलली, चामड्यावर टाकली आणि तो क्षण मुद्रित झाला. संगणक तो क्षण हव्या त्या जागी पुन्हा उभा करतो. परंतु ती जागा कोणती, हे सांगण्याचे काम अजूनही गीत रचणाऱ्याचेच आहे.